ममीच्या अंगावरची चित्रं: कुठलं चित्र कुठे आणि का?

अळवावरचं_पाणी

मागे इथेच कोणीतरी फायूमच्या चेहऱ्यांचे (रोमन काळात इजिप्तमध्ये ममीच्या तोंडावर बसवायच्या रंगवलेल्या फळ्या) फोटो टाकले होते आणि खाली सगळ्यांनी "काय डोळे आहेत राव, आत्ता बोलेल" वगैरे लिहिलं होतं. चेहरे आहेतच तसे. पण ते फोटो सगळे गळ्याशी संपतात, कारण त्यातल्या बहुतेक फळ्या एकोणिसाव्या शतकात ममीवरून काढून सुट्या विकल्या गेल्या. व्हिएन्नाचा थिओडोर ग्राफ नावाचा व्यापारी यात अग्रेसर होता. त्यामुळे आपल्याला वाटतं की ही पोर्ट्रेट्स आहेत, भिंतीवर लावायची. गळ्याखाली काय होतं ते कोणी विचारतच नाही, आणि मला विचाराल तर खरी मजा गळ्याखालीच आहे. हा धागा त्यासाठी.

ब्रिटिश म्युझियममधला आर्टेमिडोरस घ्या. फायूममध्येच हवारा इथे १८८८ मध्ये फ्लिंडर्स पेट्री या पुरातत्त्वज्ञाला सापडला, इ.स. १०० ते १२० च्या आसपासचा. अख्ख्या अंगावर गिलाव्याचा थर देऊन वर लाल रंग लावलाय. चेहऱ्याच्या जागी फळीवर रंगवलेला तरुण मुलगा, रोमन पद्धतीचे आखूड केस, पांढरा अंगरखा, डोक्यावर सोनेरी पानांची माळ. गळ्याखाली रुंद हार, त्याची दोन्ही टोकं ससाण्याच्या डोक्याची. हाराखाली ग्रीकमध्ये त्याचं नाव आणि निरोपाचा शब्द, त्यात स्पेलिंगची चूक (सोन्यात लिहिलंय, दोन हजार वर्षं झाली, कोणी दुरुस्त करणार नाही आता). आणि त्याच्या खाली सोन्याच्या वर्खाचे देखावे, ते मात्र पक्के इजिप्शियन. सिंहाच्या आकाराच्या मंचकावर ममी आणि तिच्याशी उभा कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस (ममी करण्याचा देव), आणि सगळ्यात खाली मंचकावरून उठायला लागलेला ओसायरिस (मृतांचा राजा). म्हणजे बघा, नाव ग्रीक, केस रोमन आणि पोटावर देव सगळे नाईलकाठचे, आणि यात त्या घरच्या लोकांना काही विचित्र वाटत नव्हतं.

आता माझा मुद्दा असा की हे देव कुठेही टाकलेले नाहीत. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे आणि त्या जागेचं कारण खालच्या देहात आहे. हे सगळ्यात स्वच्छ दिसतं टॉलेमींच्या काळातल्या कार्टोनाजमध्ये (इ.स.पू. ३०५ ते ३०), कारण तेव्हा अंगावरचं हे आवरण सुट्या तुकड्यांत बनायचं: मुखवटा, छातीचा तुकडा, पोटाचा, पायांवरची लांब पट्टी, आणि पावलांचा बूट. ते गुंडाळलेल्या ममीवर ठेवायचे आणि बांधायचे.

डोक्यापासून जाऊ. मुखवट्याचा चेहरा सोनेरी कारण देवांचं अंग सोन्याचं, केस निळे कारण देवांचे केस लॅपिसचे. मेलेल्या माणसाचा चेहरा हुबेहूब यावा असा हट्ट इथे नाहीच, तो देव झालाय हे दाखवायचंय. तुतानखामनचा तो जगप्रसिद्ध दहा किलोंचा मुखवटा आपण समोरूनच बघतो, पण त्याच्या पाठीवर आणि खांद्यांवर मजकूर कोरलाय. मृतांच्या ग्रंथातला (मेल्यानंतरच्या प्रवासासाठीच्या मंत्रांचा संग्रह) १५१ वा मंत्र. तुझा उजवा डोळा म्हणजे सूर्याची रात्रीची नाव, डावा डोळा दिवसाची नाव, भुवया म्हणजे नऊ देवांचा मेळा, कपाळ म्हणजे अनुबिस, असं करत एकेक अवयव देवांच्या नावावर केलाय. आपल्याकडे न्यास करताना अवयवांना हात लावून देवता बसवतात त्याची आठवण अनेकांना येईल, येऊ दे, पण संबंध जोडू नका, काही नाहीये.

छातीवर पंख पसरलेली नूत, म्हणजे आकाशाची देवी, किंवा पंखवाला शेणकिडा. इथे का? कारण खाली हृदय आहे. मेंदू हे लोक नाकातून काढून टाकायचे, पण हृदय शक्यतो जागेवर ठेवायचे, पुढे ओसायरिससमोर न्यायाच्या वेळी ते तराजूत जाणार असतं ना. आणि तिथे हृदयाने तोंड उघडलं तर पंचाईत. म्हणून ३०ब नंबरचा मंत्र लिहिलेला दगडी शेणकिडा छातीवर ठेवायचे, त्यात चक्क हृदयाला विनवलंय की माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस. मला हे फार आवडतं. बाहेरच्या राक्षसांचा बंदोबस्त करून झाल्यावर स्वतःच्या हृदयाचाही बंदोबस्त.

पोटावर अनुबिस ममीची काळजी घेतोय तो देखावा, आणि जवळपास होरस देवाचे चार पोरगे: माणसाच्या तोंडाचा इम्सेती यकृत सांभाळतो, बबूनच्या तोंडाचा हापी फुफ्फुसं, कोल्ह्याच्या तोंडाचा दुआमुतेफ जठर, ससाण्याच्या तोंडाचा केबेहसेनुएफ आतडी. आधी हे अवयव चार बरण्यांत वेगळे ठेवायचे. मग एकविसाव्या राजघराण्याच्या सुमारास (इ.स.पू. १००० च्या आसपास) पुरचुंड्या बांधून परत पोटातच ठेवायला लागले, बरण्यांचं काम तिथे संपलं, तरी चौघांची चित्रं बाहेर कापडावर, पेटीवर चालूच राहिली.

आणि पावलं! ही माझी आवडती जागा. बुटावर वरून दोन काळे कोल्हे बसलेले, रोमन काळात त्यांच्या गळ्यात चक्क किल्ली, पाताळाच्या दाराची. आणि बूट उलटा करून तळवा बघितला तर बऱ्याच ठिकाणी तिथे सँडलचा तळ रंगवलेला असतो आणि त्यावर हात मागे बांधलेले शत्रू. म्हणजे चालायला लागलास की ते आपोआप चिरडले जाणार.

कापडावरच्या चित्रांबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, टप्प्याटप्प्याने प्रतिसादात टाकतो. सक्कारामधून आलेली इ.स. दुसऱ्या शतकातली काही कफनं आहेत, लूव्रमध्ये, बर्लिनला, मॉस्कोला. पूर्ण उंचीचा माणूस, समोर बघणारा, पांढऱ्या रोमन कपड्यांत. एका बाजूला ममीच्या रूपात ओसायरिस, दुसऱ्या बाजूला काळा अनुबिस, आणि अनुबिसने त्याला असं जवळ घेतलंय की नव्या गावात आलेल्या पाहुण्याला कोणीतरी ओळखीचं भेटलंय. ते कापड ममीवर वरून पांघरायचे, चित्राचं डोकं डोक्यावर, पाय पायावर.

---

टवाळ_टोळ

मेल्यावरही शत्रू तंगडीखाली पाहिजेतच म्हणजे. मान गये.

बाकी लेख एक नंबर, वाचनखूण साठवलीये. एक शंका, हे कार्टोनाज म्हणजे नक्की काय? पुठ्ठा?

---

अळवावरचं_पाणी

@टवाळ_टोळ, दिसायला पुठ्ठाच. लिननच्या चिंध्या किंवा कापडाचे थर डिंकासारख्या चिकट पदार्थाने एकावर एक बसवायचे, ओलं असताना आकार द्यायचा, वाळलं की वर चुन्याचा पातळ लेप आणि त्यावर रंग. लाकूड इजिप्तमध्ये महाग, चांगलं लाकूड लेबनॉनहून यायचं, त्यामुळे हे स्वस्त आणि हलकं प्रकरण चाललं.

टॉलेमींच्या काळात गंमत अशी झाली की कापडाऐवजी रद्दी वापरायला लागले. सरकारी कचेरीतले जुने पपायरस, करवसुलीची कागदपत्रं, तक्रारअर्ज, पत्रं, जे टाकून द्यायचं ते ममीवाले घेऊन जायचे. त्यातून पुढे काय काय निघालं! पोसिडिप्पस नावाच्या ग्रीक कवीच्या शंभराहून जास्त छोट्या कविता, ज्या जवळपास सगळ्या हरवल्या होत्या, त्या अशाच एका छातीच्या तुकड्यातून मिळाल्या, २००१ मध्ये छापल्या गेल्या.

पण यात एक वाईट भाग आहे. कागद वाचायचा तर कार्टोनाज भिजवून सोडवावं लागायचं, म्हणजे वरची चित्रं गेली. कित्येक वर्षं अभ्यासकांनी हे बिनदिक्कत केलं, कारण ग्रीक साहित्य म्हणजे सोनं आणि इजिप्शियन चित्र म्हणजे वेष्टन, असा हिशेब. कोणाचीतरी नूत पाण्यात विरघळवून धान्याच्या पावत्या वाचल्या. आता वेगवेगळ्या प्रकाशात फोटो काढून आतली शाई वाचायचे प्रयत्न चाललेत.

---

रामबाण

चांगली माहिती. पण एक महत्त्वाची गोष्ट राहिली. ममी गुंडाळायला भारतातली मलमल वापरायचे आणि ती आपल्या निळीने रंगवलेली असायची. हे जगभर सिद्ध झालेलं आहे, आपल्यालाच आपल्या गोष्टींची किंमत नाही.

---

हातमाग

रामबाणभाऊ, हे ढकलपत्र मलाही दर दोन महिन्यांनी येतं. मी कापडाच्या धंद्यात आहे म्हणून लिहितो.

ममीचं कापड सुती की लिनन यावर एकोणिसाव्या शतकात युरोपात खरोखर वाद होता. लोक कापड हातात घेऊन चोळून सांगायचे, हे सुती, हे लिनन, आणि हाताला काय कळणार हजारो वर्षांच्या कापडाचं. मग जेम्स थॉमसन नावाच्या कापड छपाई करणाऱ्या कारखानदाराने ममीच्या कापडाचे तुकडे जमवले आणि फ्रान्सिस बाउअर नावाच्या चित्रकाराला सूक्ष्मदर्शकाखाली धागे बघून काढायला लावले. १८३४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. कापसाचा तंतू चपटा असतो आणि पीळ पडलेल्या फितीसारखा दिसतो. जवसाचा तंतू गोल आणि मध्ये मध्ये पेरं. ममीच्या तुकड्यांत सगळीकडे पेरं. वाद संपला. लिनन जवसाच्या खोडातून निघतं, ज्याची अळशी आपण चटणीत खातो तेच झाड, आणि ते इजिप्तमध्ये ढिगाने पिकायचं. थडग्यांच्या भिंतींवर जवस उपटतानाची चित्रं आहेत.

निळीचं म्हणाल तर निळा रंग देणारा पदार्थ वोड नावाच्या दुसऱ्या एका झाडातही तोच असतो, त्यामुळे निळं कापड दिसलं की लगेच आपली नीळ असं म्हणता येत नाही.

आता आपल्याकडचं खरंच काय गेलं होतं तर मिरी. दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या नाकपुड्यांत काळी मिरी कोंबलेली सापडली, इ.स.पू. १२१३ ची गोष्ट, आणि मिरीचा वेल मलबारचा. आणि रोमन काळात तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात साडेसात किलो मिरी भारतीय बनावटीच्या रांजणात मिळाली, शिवाय सागवान, शिवाय भारतातलं सुती कापड. हे सगळं पुराव्यासकट आहे, मग खोट्याची गरज काय?

---

रामबाण

मिरीचं माहीत नव्हतं. पण तुमचा सूर जरा खवचट वाटला.

---

टवाळ_टोळ

नाकात मिरी म्हणजे शिंका येऊन परत जिवंत व्हायची सोय.

---

हातमाग

@टवाळ_टोळ, नाकाचा आकार टिकावा म्हणून कोंबलीये बहुतेक. रामसेसचं नाक तसं गरुडासारखं होतं आणि पट्ट्या आवळल्या की नाक चपटं होतं.

@रामबाण, खवचटपणा नव्हता हो, दोन महिन्यांनी येणाऱ्या ढकलपत्राचा राग होता.

---

रंगारी_मी

रंगांबद्दल कोणी लिहीत नाहीये म्हणून मी. पिवळ्यासाठी गेरूच्या जातीची पिवळी माती, आणि जिथे सोन्यासारखी झळाळी हवी तिथे हरताळ, म्हणजे तोच विषारी, आर्सेनिकवाला. लाल बहुतेक गेरू. निळा मात्र खणून काढलेला नाही, बनवलेला. वाळू, चुना, तांबं आणि क्षार भट्टीत तापवून जो काचेसारखा गोळा होतो तो दळायचा. माणसाने बनवलेल्या सगळ्यात जुन्या रंगांपैकी एक. याचा एक गुण असा की त्याच्यावर साधा प्रकाश टाकला की तो डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश बाहेर टाकतो, त्यामुळे खास कॅमेऱ्याने बघितलं तर जिथे निळ्याचा कण शिल्लक नाही असं वाटतं तिथेही तो पांढरा चमकतो. पुसट झालेल्या कफनांवरचे देव या पद्धतीने परत दिसायला लागलेत.

आणि शेंदूर. अमेरिकेत गेटी म्युझियमकडे हेराक्लाइडीस नावाच्या विशीतल्या तरुणाची ममी आहे, इ.स. पहिल्या-दुसऱ्या शतकातली. आर्टेमिडोरससारखा गिलावा नाही, लिननचं कफनच पूर्ण लाल, त्यावर सोन्याच्या वर्खाने देवदेवता, आणि पावलांपाशी ग्रीक अक्षरात नाव. तो लाल तपासला तर शिशाचा शेंदूर निघाला, आणि तो आला होता स्पेनमधल्या रिओ तिंतोच्या खाणींकडून, जिथे रोमन लोक चांदी गाळायचे. अशा लाल कफनांच्या ममींचा एक छोटा गटच आहे. म्हणजे भूमध्य समुद्राच्या एका टोकाचा रंग दुसऱ्या टोकाच्या मुलाच्या अंगावर. आणखी एक, स्कॅन केल्यावर त्याच्या पट्ट्यांच्या आत आयबिस पक्ष्याची छोटी ममी दिसली, आपल्याकडे शराटी असते ना त्याच्या भावकीतला. आयबिस थोथ देवाचा, लेखनिकांचा देव. तो आत का ठेवला यावर लोक तर्क करतात, मला वाटतं बाहेर चित्र आहेच, आत प्रत्यक्ष पक्षीही, दोन्हीकडून पक्कं केलं.

---

डोक्याला_शॉट

अपाकाका (नाव मोठं आहे, माफी), लेख छान, पण "प्रत्येकाची जागा ठरलेली" हे मला अती नीटनेटकं वाटतंय. तुम्ही टॉलेमींच्या काळाचा नमुना घेऊन अख्ख्या इजिप्तला लावताय. तीन हजार वर्षांत हे लोक तेच तेच करत बसले नव्हते.

मध्य राज्याच्या पेट्या बघा, इ.स.पू. २००० च्या आसपास. माणसाच्या आकाराच्या नाहीतच, सरळ लांबट खोकी. ममी पाठीवर झोपलेली नाही, डाव्या कुशीवर, तोंड पूर्वेला, आणि पेटीच्या पूर्वेच्या फळीवर बरोबर तोंडासमोर दोन मोठे डोळे रंगवलेले, की मेलेल्याने त्यातून उगवता सूर्य बघावा. तिथे छातीवर नूत, पोटावर अनुबिस असलं काही नाही. दैर एल-बर्शाच्या जेहुतीनख्तची पेटी बोस्टनला आहे, देवदाराची, आतून रंगवलेली. एकेका पिसाचा रंग वेगळा दिसेल इतकं बारीक काम, आणि विषय काय तर खोटं दार (मेलेल्याच्या आत्म्याला ये-जा करायला) आणि नैवेद्याचा ढीग. त्याच गावच्या पेट्यांच्या तळाला पाताळातल्या दोन वाटांचा नकाशा रंगवलेला असतो. म्हणजे तिथे मुद्दा जेवण आणि रस्ता, अवयवांची राखण नाही.

उलट त्याच काळाच्या शेवटी चित्रांचीच भीती वाटायला लागली होती. हवाराच्या राजकन्या नेफेरुप्ताहच्या थडग्यात मजकुरातल्या पक्ष्यांना पायच काढलेले नाहीत, मुद्दाम, उठून चालायला लागले तर? राखणदार ठेवायचा आणि त्याचे पाय तोडून ठेवायचा. हे तुमच्या नेटक्या चौकटीत कुठे बसतं?

आणि पुढे रोमन काळात थीब्जचा सोटेर नावाचा बडा अधिकारी आणि त्याचं खानदान, इ.स. दुसऱ्या शतकाची सुरुवात. त्यांच्या पेट्यांच्या झाकणाला आतून बारा राशी! मेष, वृषभ, मिथुन, त्याच ज्या आपल्या पंचांगात आहेत, बॅबिलोनहून ग्रीकांमार्फत आलेल्या. त्याच घरातल्या एकवीस वर्षांच्या पेतामेनोफिसच्या (मृत्यू इ.स. ११६) पेटीतही राशीचक्र आहे. हा कुठला जुना बंदोबस्त?

---

अळवावरचं_पाणी

@डोक्याला_शॉट, अपा चालेल, काका नको.

खोकी आणि डोळ्यांचं बरोबर आहे आणि ते टाकलंत ते बरं केलं. पण मला त्यात विरोध दिसत नाही. ते डोळे कुठे आहेत? तोंडासमोर. झाकणाला, तळाला, डोक्याच्या बाजूला, पायाच्या बाजूला काय लिहायचं हे त्या खोक्यांमध्येही ठरलेलं होतं, इसिस देवी पायाशी, तिची बहीण नेफ्थिस डोक्याशी, आणि होरसच्या पोरांची नावं बाजूच्या फळ्यांवर. देह कुशीवर होता म्हणून चित्र कुशीला आलं. पुढे देह पाठीवर आला, पेटी माणसाच्या आकाराची झाली, तेव्हा चित्रं वर आली. सतराव्या राजघराण्यात तर झाकणभर नुसती पिसं रंगवायचे, डोक्यापासून पायापर्यंत मिटलेले पंख.

आणि सोटेरच्या राशी कशाच्या भोवती आहेत ते बघा. मध्ये नूत उभी आहे. सोटेरच्याही आधी दोनेक हजार वर्षांपासून झाकण म्हणजे आकाश आणि आकाश म्हणजे नूत, मग नव्या काळात आकाशात बारा राशी असतात असं कळल्यावर त्या कुठे काढणार? तिच्या दोन बाजूंना. नवा देव आणला नाही, आहे त्या देवीच्या आजूबाजूची माहिती अद्ययावत केली.

पायतोड्या पक्ष्यांना मात्र माझ्याकडे उत्तर नाही, ते प्रकरण भारीच आहे, आणि खरं तर तुमच्यापेक्षा माझ्याच बाजूचं आहे. चित्र म्हणजे नुसता रंग असता तर पाय तोडायची गरज पडली नसती.

---

डोक्याला_शॉट

हे शेवटचं वाक्य मान्य. बाकी अर्धवट मान्य.

---

शेवटचा_बाक

मला एक अडाणी प्रश्न विचारायचाय, हसू नका. एवढा बंदोबस्त केला, काय उपयोग झाला? चोरांनी तर सगळं लुटलंच ना. मग त्यांचा विश्वास उडाला नाही का?

---

अळवावरचं_पाणी

अजिबात अडाणी नाही, उलट मुळावर घाव आहे.

चोर पकडले जायचे आणि त्यांचे जबाब लिहून ठेवलेत. नवव्या रामसेसच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ११०० च्या थोडं आधी, आमेनपानेफेर नावाचा पाथरवट पकडला गेला. त्याने सांगितलं, आम्ही राजा सोबेकेमसाफ आणि त्याच्या राणीच्या थडग्यात घुसलो, ममीवरचं सोनं, ताईत काढले आणि पेट्यांना आग लावली. आठ जणांत १६० देबेन (वजनाचं माप) सोनं, प्रत्येकी वीस. म्हणजे चौदा-साडेचौदा किलो एकूण. लाकडावरचा सोन्याचा वर्ख खरवडत बसायचा कंटाळा, जाळलं की सोनं खाली उरतं. त्या पेट्यांवरच्या पंखांचं काय झालं असेल ते सांगायला नको. आणि हा माणूस बाहेरचा कोणी नव्हे, आयुष्यभर देवळांचे दगड घडवणारा. त्याचा या चित्रांवर विश्वास नव्हता असं मला वाटत नाही. पोट मोठं होतं एवढंच.

पण चित्रांचं काम मुळात चोर थांबवणं नव्हतं. त्याला शिळा, खड्डे, पहारेकरी. चित्रांचं काम पलीकडच्या प्रवासातलं, साप, दारांवरचे सुरीवाले राक्षस, तो तराजू. त्यामुळे चोरी झाली म्हणून चित्र फसलं असा हिशेब कोणी केला नसावा. उलट एकविसाव्या राजघराण्यात थीब्जला चोऱ्यांच्या भीतीने लोकांनी स्वतंत्र थडगी बांधणं सोडलं, अनेकांना एकत्र लपवून पुरायला लागले, आणि जी चित्रं आधी थडग्याच्या भिंतीवर असायची ती सगळी पेटीवर आली. पिवळ्या पेट्या म्हणतात त्या याच, वर राळेचं वॉर्निश आणि बोटभर जागा मोकळी नाही. १८९१ मध्ये दैर एल-बहरीला बाब एल-गासूसमध्ये आमोनच्या पुजाऱ्यांच्या अशा १५३ पेट्यांचे संच एकदम सापडले, इतके की कैरोत ठेवायला जागा नव्हती आणि खेदिवने (इजिप्तचा तेव्हाचा शासक) त्यातले बरेच देशोदेशी वाटून टाकले.

---

रंगारी_मी

पिवळ्या पेट्यांचा विषय निघालाच आहे तर, केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये नेसपावेरशेफित नावाच्या माणसाची पेटी आहे, इ.स.पू. १००० च्या आसपासची. हा स्वतःच आमोनच्या देवळातल्या कारागिरांवरचा मुकादम. आतल्या झाकणावर कोणाच्या तरी बोटांचे ठसे उमटलेत, वॉर्निश वाळायच्या आधी कोणीतरी झाकण उचललं. आणि पेटीचं लाकूड एक्स-रेत बघितलं तर जुन्या खुंट्यांची भोकं दिसतात, म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी पेटीच्या फळ्या. मुकादमाच्याही पेटीला सेकंडहँड लाकूड.

---

सुमेधा_हैदराबाद

नमस्कार, मी फक्त वाचक असते पण आज लिहिते. आमच्या इथल्या राज्य संग्रहालयात एक ममी आहे, सातव्या निजामाने दिलेली, तिच्या अंगावर हे कार्टोनाज आहे हे मला या धाग्यामुळे कळलं. त्याला भेगा पडल्या होत्या आणि २०१६ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धकांनी येऊन ते दुरुस्त केलं, तेव्हा पेपरात बरंच आलं होतं. बडोद्याला आणि जयपूरला पण ममी आहेत ना? लोक काचेला नाक लावून आत हाडं दिसतात का ते बघतात, वरच्या चित्रांकडे कोणी बघत नाही.

---

अळवावरचं_पाणी

@सुमेधाताई, हो. बडोद्याची सयाजीरावांच्या काळात आली, जयपूरला अल्बर्ट हॉलमध्ये तुतू आहे, ती अखमीम गावची. ऑगस्ट २०२० च्या पावसात अल्बर्ट हॉलमध्ये पाणी घुसलं तेव्हा कर्मचाऱ्यांनी घाईघाईने तिला बाहेर काढलं. ओल लागली तर कार्टोनाजची माती व्हायला वेळ लागत नाही. आणि नुसतं उघड्यावर पडून राहिलं तरी काय होतं ते तुतानखामनच्या थडग्यातल्या कापडाने दाखवलं. त्याच्या पेटीभोवती एकात एक बसवलेले लाकडी देव्हारे होते, त्यातल्या बाहेरून दुसऱ्या देव्हाऱ्यावर एक मोठं लिननचं आच्छादन होतं, सोन्याचा मुलामा दिलेली काशाची फुलं शिवलेलं. तीन हजार वर्षं टिकलं. १९२४ मध्ये हे थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरचं सरकारशी भांडण झालं, काम बंद पडलं, आणि तेवढ्यात ते बाहेर पडून खराब झालं.

बघायला गेलात तर पायाच्या बाजूने बघा, शक्य असेल तर. बहुतेक ठिकाणी पेटी अशी ठेवतात की तळवे भिंतीकडे.

---

शेवटचा_बाक

एक राहिलं, हे सगळं बड्या लोकांचं झालं. साध्या माणसाला परवडायचं का?

---

अळवावरचं_पाणी

थोडंफार. दैर एल-मेदिनाच्या कारागिरांच्या वस्तीत खापरांवर लिहिलेले हिशेब मिळालेत. रंगवलेली पेटी साधारण २० ते ४० देबेन तांब्याला जायची, आणि तिथल्या कामगाराला महिन्याला धान्य मिळायचं ते साडेपाच पोती, किंमत केली तर ११ देबेन. म्हणजे दोन ते चार महिन्यांचा पगार. आणि हे सरकारी नोकरीतले, बऱ्या स्थितीतले लोक. शेतमजुराला चटईत गुंडाळून वाळूत पुरायचे, चित्रबित्र काही नाही.

मधल्या लोकांसाठी तयार माल असायचा. काही पेट्यांवर आणि मृतांच्या ग्रंथाच्या गुंडाळ्यांवर सगळा मजकूर लिहून तयार, फक्त "ओसायरिस" च्या पुढे नावापुरती जागा कोरी. कोणी विकत घेतलं की नाव भरायचं. आणि काहींमध्ये ते भरायचं राहूनच गेलंय.

---

टवाळ_टोळ

मग त्यांचं पुढे काय झालं असेल? गेटवर नाव विचारल्यावर?

---

डोक्याला_शॉट

तेवढ्यासाठी तर किल्ली कोल्ह्याकडे ठेवलीये, तो घेईल सांभाळून.

अपा, कफनांवरचा वेगळा धागा कधी टाकताय? त्या सक्काराच्या तिघांवर नीट लिहा, बर्लिनचं आणि मॉस्कोचं शेजारी शेजारी फोटो टाकून.

---

अळवावरचं_पाणी

टाकतो. मॉस्कोच्या चित्राचा चांगला फोटो मिळाला की लगेच, कोणाकडे असेल तर इथेच चिकटवा.